बाहेर टाकायचं की घरात आणायचं? व्हर्टिकल इंटिग्रेशनचा निर्णय, पायरीपायरीने

भोसरी-चाकण पट्ट्यात एखादा साधा शाफ्ट तयार व्हायला निघाला की तो सहा-सात दारं हिंडतो. बार एका व्यापाऱ्याकडून येतो, फोर्जिंग (तापवून, ठोकून आकार देणं) दुसरीकडे होतं, टर्निंग तुमच्या शेडमध्ये, हार्डनिंगला (धातू कठीण करायला) टेंपोतून बाहेर, ग्राइंडिंगला परत घरी आणि प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) पुन्हा बाहेर. प्रत्येक दारात मालाच्या ने-आणीचं एक चलन, एक रांग आणि एक ठरलेलं वाक्य: "साहेब, संध्याकाळपर्यंत देतो." अशा संध्याकाळी वाढत गेल्या की मालक ठरवून टाकतो की मशीन घेऊ आणि ही कटकट घरातच आणू.

आपल्या मालाच्या आधीच्या किंवा नंतरच्या टप्प्याची मालकी स्वतःकडे घेणं, याला व्हर्टिकल इंटिग्रेशन म्हणतात. कच्च्या मालाच्या दिशेने गेलात तर मागे, ग्राहकाच्या दिशेने गेलात तर पुढे. हा निर्णय कंपनी मोठी करू शकतो आणि खड्ड्यातही घालू शकतो. पुण्यातल्या लहान-मध्यम उद्योजकाला तो शांतपणे, कागदावर घेता यावा म्हणून हा लेख आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बाहेरचा बाजार जिथे कमकुवत आहे, तिथे मालकी घ्यावी. जिथे तो दाट आणि भरवशाचा आहे, तिथे आपला पैसा अडकवू नये. कोणता बाजार कमकुवत, हे देशाप्रमाणे बदलतं, काळाप्रमाणे बदलतं आणि एकाच शेडमध्ये प्रक्रियेप्रमाणेही बदलतं. म्हणून दुसऱ्याचं उत्तर उचलून चालत नाही. त्याने ते कोणत्या परिस्थितीत काढलं, हे आधी पाहावं लागतं.

आधी जगाकडे एक नजर

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी डिअरबॉर्नला रूज नदीकाठी १९१७ पासून जो कारखाना उभारला, तो या विचाराचं टोक होता. बोटींतून लोहखनिज आणि कोळसा आत यायचा. स्वतःचं पोलाद, स्वतःची काच, स्वतःचं वीज केंद्र. दुसऱ्या टोकाने मोटारी बाहेर पडायच्या. याच जोशात रबरही स्वतःच पिकवायचं ठरलं. १९२८ मध्ये ब्राझीलमध्ये तापाझोस नदीकाठी फोर्डलँडिया नावाची वसाहत वसवली गेली. तिथे रबराची झाडं ओळीने, जवळजवळ लावली. जंगलात विखुरलेल्या झाडांना फारसा न छळणारा पानांवरचा करपा त्या दाट मळ्यात वणव्यासारखा पसरला. १९४५ मध्ये कंपनीने ती जमीन ब्राझील सरकारला परत विकून टाकली. पोलाद बनवणं मोटारीच्या कामाला जवळचं होतं. रबराची शेती हे वेगळंच शास्त्र होतं. पैसा तोच, माणसं तीच, पण ज्ञान नव्हतं.

पुढे वारा फिरला. जनरल मोटर्सने आपला सुट्या भागांचा विभाग डेल्फाय म्हणून १९९९ मध्ये वेगळा काढला आणि फोर्डने २००० मध्ये व्हिस्टिऑन. अमेरिकेत सुटे भाग बनवणारे मजबूत पुरवठादार तोवर तयार झाले होते. घरातला विभाग त्यांच्यापेक्षा महाग पडत होता.

जपानने मधली वाट काढली. टोयोटाने १९४९ मध्येच आपला इलेक्ट्रिकल विभाग निप्पॉनडेन्सो, म्हणजे आजची डेन्सो, म्हणून स्वतंत्र केला, पण नातं तोडलं नाही. थोडा हिस्सा, दशकानुदशकांचे व्यवहार, एकमेकांच्या कारखान्यात इंजिनिअरांची ये-जा. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिनच्या कारिया कारखान्याला आग लागली. ब्रेकमधल्या एका छोट्या व्हॉल्व्हसाठी टोयोटा जवळजवळ पूर्णपणे त्याच कारखान्यावर अवलंबून होती, त्यामुळे टोयोटाच्या लाइन थांबल्या. एकाच दारावर विसंबण्याची ही किंमत. पण नंतर जे झालं तेही लक्षात ठेवावं. साखळीतल्या इतर पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर ते व्हॉल्व्ह करून द्यायला सुरुवात केली आणि काही दिवसांत काम पुन्हा सुरू झालं. मालकी नसतानाही साखळी घट्ट ठेवता येते, ती अशी.

कोरियाचं उत्तर वेगळं. ह्युंदाई समूहाकडे स्वतःचं पोलाद आहे, सुटे भाग बनवणारी मोबिस आहे, मालवाहतुकीसाठी ग्लोव्हिस आहे. तळेगावचा पूर्वीचा जनरल मोटर्सचा कारखाना आता याच ह्युंदाईकडे आहे. तुम्ही त्यांच्या पुरवठा साखळीत शिरायचा विचार करत असाल, तर समूहाच्या स्वतःच्या कंपन्या आधी कोणकोणत्या जागा भरतात, हे पाहून घ्या.

चीनची बीवायडी १९९५ मध्ये शेन्झेनला बॅटरी कंपनी म्हणून सुरू झाली आणि २००३ मध्ये मोटारींत उतरली. बॅटरी, मोटर, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, काही चिप आणि आता निर्यातीसाठी मोटारी वाहून नेणारी जहाजंसुद्धा स्वतःची. विजेच्या मोटारीत बॅटरी हाच सगळ्यात महाग भाग. बीवायडी उतरली तेव्हा बाहेर त्याचा भरवशाचा बाजारच नव्हता, आणि बॅटरीचं ज्ञान तिच्याकडे आधीपासून होतं. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून जमलं. फोर्डलँडियात पहिली होती, दुसरी नव्हती.

झारा चालवणाऱ्या स्पेनच्या इंडिटेक्सचं उदाहरण लहान उद्योजकाला सगळ्यात उपयोगी आहे असं मला वाटतं. त्यांनी डिझाइन, कापड कापणं, वितरण आणि दुकानं आपल्याकडे ठेवली. शिवणकाम मात्र गॅलिसिया आणि पोर्तुगालमधल्या लहान लहान कारखान्यांना दिलं. वेग जिथे ठरतो ते घरात, हात जिथे लागतात ते बाहेर. साखळी सलगच ताब्यात घ्यावी लागते असं नाही. मधला टप्पा सोडून दोन्ही बाजूंचे टप्पे धरता येतात.

आणि पुण्याने काय केलं

साठच्या दशकात टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरी-चिंचवडला कारखाना उभारला तेव्हा आजची भोसरी नव्हती. आयातीवर निर्बंध होते आणि हवे तसे पुरवठादार नव्हते. टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी आधी कामगारांचं प्रशिक्षण, टूल रूम, मशीन टूल असा पाया घातला. बाजार नव्हता म्हणून घरात करणं भाग होतं. नंतर त्या कारखान्याभोवती, बजाजभोवती, कमिन्सभोवती लहान शेड वाढत गेल्या. १९९५ मध्ये टाटांनी सुट्या भागांसाठी टाटा ऑटोकॉम्प ही वेगळी कंपनी काढली. त्याच शहरात तीस वर्षांनी उत्तर बदललं, कारण बाजार बदलला.

मुंढव्याच्या भारत फोर्जने फोर्जिंगवर न थांबता मशीनिंग घरात आणलं आणि तयार क्रँकशाफ्ट विकू लागली. हे पुढच्या दिशेचं इंटिग्रेशन. २००४ मध्ये त्यांनी जर्मनीतली फोर्जिंग कंपनी घेतली ते मात्र याच प्रकारात मोजू नका. तिथे टप्पा तोच होता, ग्राहकाचा देश नवा होता. दोन्हींचा हिशेब वेगळा असतो.

हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोष्ट पुणेकराला पाठ असते. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे घोडे सीरमसाठी (औषधी रक्तद्रवासाठी) मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. आपल्याच घोड्यांपासून आपणच सीरम का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीने २०२१ मध्ये लशीच्या कुप्या बनवणाऱ्या शॉट कैशामध्ये निम्मा हिस्सा घेतला. महामारीच्या काळात कुपी मिळाली नाही तर लस असूनही विकता येत नाही, हे जगभर दिसलं होतं. पूर्ण कंपनी घेतली नाही, काचेचं तंत्र जाणणारा भागीदार राहू दिला. हा निम्म्याचा मार्ग नीट अभ्यासण्यासारखा आहे.

चितळ्यांचं पाहा. १९३९ मध्ये भिलवडीला दुग्धव्यवसाय आणि १९५० मध्ये पुण्यात मिठाईचं दुकान. दूध नासतं आणि त्याला रोज गिऱ्हाईक लागतं, तेव्हा खवा-मिठाईपर्यंतची साखळी कुटुंबातच असण्याला अर्थ आहे. जो माल थांबू शकत नाही, तिथे पुढचा टप्पा आपला असणं फार मोलाचं ठरतं. द्राक्ष, टोमॅटो, फुलं यांत असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पहिली पायरी: साखळी कागदावर काढा, पण दिवसांत

एक मोठा कागद घ्या. कच्च्या मालापासून ग्राहकाच्या गेटपर्यंत प्रत्येक टप्प्याला एक चौकोन. प्रत्येक चौकोनात चार आकडे लिहा: दर नगाला खर्च, तिथे माल किती दिवस राहतो, त्यातले प्रत्यक्ष कामाचे तास किती, आणि रिजेक्शन किती टक्के. बहुतेकांना खर्च पाठ असतो, दिवस नसतात. सहा दिवस बाहेर राहणाऱ्या मालावर प्रत्यक्ष काम अर्ध्या मिनिटाचं आहे, हे कागदावर दिसलं की दुखणं मशीनचं नसून रांगेचं आहे, हे कळतं.

हे आकडे चलनांवरून काढा, आठवणीवर नको. मागच्या तीन महिन्यांच्या बाहेर गेल्याच्या आणि परत आल्याच्या तारखा एक्सेलमध्ये टाका. सरासरीबरोबर सगळ्यात वाईट पाच खेपा वेगळ्या काढा. ग्राहकाची लाइन सरासरीने थांबत नाही, त्या पाच खेपांनी थांबते.

दुसरी पायरी: प्रत्येक बाहेरच्या टप्प्याला चार प्रश्न विचारा

हे काम करणारे पंधरा किलोमीटरच्या आत किती जण आहेत? टर्निंग, लेझर कटिंग, पावडर कोटिंग अशा कामांना पिंपरी-चिंचवडमध्ये पर्याय भरपूर. एकाने त्रास दिला तर दुसरा. अशा टप्प्यात पैसा घालण्याआधी शंभरदा विचार करावा.

त्या कामासाठी लागणारं टूलिंग किंवा मशीन फक्त तुमच्याच मालासाठी आहे का? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ चं नोबेल मिळालं, ते याच विषयाच्या अभ्यासासाठी. एका बाजूने दुसऱ्यासाठीच खास गुंतवणूक केली, की नंतर सौद्यात ती बाजू अडकते. तुमची डाय (मालाला आकार देणारा साचा) व्हेंडरच्या पैशाने बनली असेल तर तो अडकला, आणि ती त्याच्याच प्रेसला बसत असेल तर तुम्ही अडकलात. ही अडकण्याची जागा जितकी खोल, तितकं घरात आणण्याचं कारण जास्त पटण्यासारखं.

त्या टप्प्यातली चूक कधी कळते? हार्डनिंगमधली बारीक भेग ग्राइंडिंगनंतर दिसत असेल, तर तोवर आठवड्याचा माल पुढे गेलेला असतो. चूक उशिरा कळणारे आणि उघड्या डोळ्यांनी न दिसणारे टप्पे घरात असण्याचा फायदा मोठा.

आणि चौथा, सगळ्यात कठीण: हे काम आपल्याला येतं का? बाहेरच्या हीट ट्रीटमेंटवाल्याने, म्हणजे हार्डनिंगसारखी कामं करणाऱ्याने, शेकडो प्रकारचे माल पाहिलेले असतात. तुम्ही तीनच पाहणार. त्याचा तो अनुभव मशीनबरोबर विकत मिळत नाही.

तिसरी पायरी: मशीन भरतं का, ते मोजा

निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो, म्हणून एक पूर्ण उदाहरण करू. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे घालून पाहा.

समजा महिन्याला २०,००० शाफ्ट इंडक्शन हार्डनिंगला (विजेच्या कॉइलने तापवून पृष्ठभाग कठीण करायला) बाहेर जातात. दर नगाला १४ रुपये आणि वाहतूक १ रुपया, एकूण १५. मशीन, चिलर आणि बसवणी मिळून ४५ लाख. सात वर्षांत घसारा धरला तर वर्षाला सुमारे ६ लाख ४३ हजार, आणि १० टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज साडेचार लाख. म्हणजे महिन्याला सुमारे ९१ हजार. दोन पाळ्यांचे ऑपरेटर आणि तपासणीचा वाटा ७५ हजार. कॉइल आणि दुरुस्ती २० हजार. नग एकही केला नाही तरी हा १ लाख ८६ हजारांचा बोजा महिन्याला उभा. वीज आणि क्वेंचिंगचा (तापलेला नग झटकन थंड करण्याचा) खर्च नगाला साडेतीन रुपये.

बाहेरचे १५ वाचले, घरातले साडेतीन लागले, म्हणजे नगामागे साडेअकरा सुटले. १,८६,००० भागिले ११.५, म्हणजे १६,१७४ नग. इतके झाले की बरोबरी. २०,००० ला महिन्याला ४४ हजार सुटतात. ग्राहकाने शेड्यूल १४,००० वर आणलं, तर २५ हजार खिशातून जातात. बाहेर टाकत असताना शेड्यूल कमी झालं तर खर्चही कमी होत होता. आता होणार नाही. मंदीत घरातलं मशीन व्हेंडरसारखं गप्प बसत नाही, त्याचा हप्ता चालू राहतो.

आता क्षमता. एका नगाला ३० सेकंद लागतात, तासाला १२०. पाळीला सात तास, दोन पाळ्या, २५ दिवस: ४२,००० नग. म्हणजे २०,००० ला मशीन निम्म्याहून कमी चालेल. बाकी वेळ भरायला दुसऱ्यांचं जॉबवर्क, म्हणजे त्यांच्या मालावरचं मजुरीचं काम, घ्याल? घेता येतं, पण मग तुम्ही नव्या धंद्यात उतरलात आणि त्याचा विक्री करणारा माणूस तुमच्याकडे नाही.

अडकलेल्या मालाचाही हिशेब करा. रोज ८०० नग, नगाची त्या टप्प्यापर्यंतची किंमत १८० रुपये, बाहेर सहा दिवस. म्हणजे ८ लाख ६४ हजारांचा माल सतत दुसऱ्याच्या शेडमध्ये. घरात तो एक दिवसावर आला तर ७ लाख २० हजार मोकळे होतात. ही रक्कम एकदाच मोकळी होते, दर महिन्याला नाही. तिचं व्याज महिन्याला ६ हजार, म्हणजे निर्णय फिरवण्याइतकं नाही. खरी किंमत आहे लाइन थांबण्याची आणि विमानाने किंवा खास गाडीने माल पाठवण्याची. मागच्या वर्षात त्यावर किती गेले, ते लेखापालाकडून काढून घ्या. तो आकडा नगण्य असेल तर घरात आणण्याचं मोठं कारणच उरत नाही.

माझा ढोबळ नियम असा: तुमच्या सगळ्यात वाईट तिमाहीच्या मागणीवरही मशीन बरोबरीला येत असेल, तरच पूर्ण मालकीचा विचार करा. चांगल्या महिन्यावर आधारलेला हिशेब बँकेला दाखवायला ठीक असतो, तुम्ही त्यावर विसंबू नका.

चौथी पायरी: मधले मार्ग आधी करून पाहा

बाहेर आणि घरात यांच्यामध्ये बरीच जागा आहे आणि ती कमी वापरली जाते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टूलिंग तुमच्या मालकीचं करून व्हेंडरकडे ठेवणं. डायवर तुमचं नाव आणि नंबर कोरलेला, करारात परत मागण्याचा हक्क लिहिलेला. मग व्हेंडर बदलायचा तर डाय उचलून नेता येते. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत याव्या लागतात, मात्र मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत नाही. चलन आणि आयटीसी-०४ या जॉबवर्कच्या विवरणपत्रातली नोंद मात्र नीट ठेवा.

दुसरा मार्ग, क्षमता राखून घेणं. व्हेंडरच्या मशीनची ठरावीक पाळी तुमची, माल आला नाही तरी किमान रक्कम तुम्ही देणार. हे देताना जीव जातो, पण ४५ लाखांच्या हप्त्यापेक्षा ते हलकं असतं.

तिसरा, आणि मला सगळ्यात पटलेला: काही भाग घरात, उरलेला बाहेर. रोजचा हमखास पाया, समजा ६० टक्के, घरात करायचा आणि चढउतार बाहेर टाकायचा. मशीन त्या पायाच्या मापाचं घेतलं तर ते कायम भरलेलं राहतं, खरा खर्च किती येतो हे तुम्हाला स्वतः कळतं आणि व्हेंडरशी दराचं बोलणं अंदाजावर होत नाही. मात्र उरलेल्या ४० टक्क्यांसाठी त्याने तुम्हाला रांगेत शेवटी ढकलू नये, म्हणून आधीच जाऊन भेटा आणि किती काम नक्की राहील ते स्पष्ट सांगा. पुण्यातलं जॉबवर्कचं जग लहान आहे. बातमी मशीनच्या आधी पोचते.

आणि व्हेंडरचे पैसे वेळेवर द्या. रांगेत पुढे जाण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि मुदतीत न दिलेल्या रकमेची प्राप्तिकरातली वजावट ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षापर्यंत लांबते. कित्येकदा "व्हेंडर वेळेवर देत नाही" या तक्रारीचं मूळ आपल्याच नव्वद दिवसांच्या उधारीत असतं.

पाचवी पायरी: घरात आणायचं ठरलं, तर परवानग्या आधी, मशीन नंतर

वीज: इंडक्शन किंवा फर्नेससाठी मंजूर भार पुरतो का, की उच्चदाब जोडणी आणि ट्रान्सफॉर्मर लागेल? हा खर्च मशीनच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो.

प्रदूषण: प्लेटिंग हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल, म्हणजे सगळ्यात प्रदूषणकारी, गटातलं काम. उभारणीची संमती, मग चालवण्याची संमती, सांडपाण्याची प्रक्रिया, गाळ रांजणगावच्या सामाईक घातक कचरा केंद्राकडे पाठवण्याची नोंद. लहान शेडने प्लेटिंग घरात आणण्याच्या मी सरळ विरोधात आहे. त्यातली जबाबदारी, विशेषतः क्रोमची, माल कमी असताना पेलत नाही.

ग्राहकाची मंजुरी: वाहन उद्योगात प्रक्रिया कुठे होते हे बदललं की पीपॅप, म्हणजे नियमित उत्पादनाआधी नमुने आणि कागदपत्रं देऊन घ्यायची ग्राहकाची मंजुरी, पुन्हा घ्यावी लागते. हीट ट्रीटमेंटसाठी सीक्यूआय-९ आणि प्लेटिंगसाठी सीक्यूआय-११ या वाहन उद्योगाच्या मानकांप्रमाणे तपासणी मागितली जाते. यात सहज काही महिने जातात आणि त्या काळात जुना व्हेंडर चालूच ठेवावा लागतो, म्हणजे दुहेरी खर्च. हिशेबात तो धरा.

वर्गवारी: १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत २.५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. तुम्ही सीमेवर असाल तर नव्या मशीनने गट बदलतो का, हे सीएंना आधीच विचारा. मध्यम गटात गेल्यावर वरच्या ४५ दिवसांच्या संरक्षणाचा लाभ तुम्हाला तुमच्या ग्राहकाकडून मिळत नाही.

सहावी पायरी: सीमा ओलांडायची असेल तर

परदेशात टप्पा घेताना सरकार हा साखळीतला आणखी एक खेळाडू असतो, हे धरून चाला. इंडोनेशियाने १ जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली. ज्यांना निकेल हवं होतं त्यांना तिथेच जाऊन भट्ट्या उभाराव्या लागल्या, आणि चिनी कंपन्यांनी मोरोवालीला त्या उभारल्या. बोट्सवानाने डी बीअर्स या हिरे कंपनीशी करार करून कच्च्या हिऱ्यांची विक्री २०१३ मध्ये लंडनहून आपल्या राजधानीत, गॅबरोनला, आणवली. अशा देशांत घरात आणायचं की नाही, हे तुम्ही ठरवत नाही, धोरण ठरवतं.

उलट दिशेचे कायदेही आहेत. अमेरिकेत १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मोठ्या चित्रपट कंपन्यांना आपली थिएटर सोडावी लागली. भारतात परदेशी भांडवलाच्या ई-कॉमर्स बाजारपेठेला स्वतःचा माल साठवून विकता येत नाही, आणि तिचा हिस्सा असलेल्या विक्रेत्यालाही २०१९ पासून तिच्यावर विकता येत नाही. स्पर्धा कायदा, २००२ मध्ये पुरवठादार आणि वितरक यांच्यातले, फक्त आपल्याकडूनच घ्या किंवा याच दराने विका, असे करार स्पर्धेला मारक ठरले तर बेकायदेशीर ठरतात. लहान कंपनीला याची झळ क्वचित लागते, पण मोठ्या ग्राहकाने असा करार पुढे केला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

आपल्याकडेही धोरणाचा फटका कसा बसतो ते साखर कारखान्यांनी पाहिलंय. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून सुरू झालेली ही साखळी मळीपासून डिस्टिलरीपर्यंत आणि बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) विजेपर्यंत गेली. वाया जाणाऱ्या मालाला किंमत देणारं पुढच्या दिशेचं इंटिग्रेशन महाराष्ट्रात याहून चांगलं दाखवता येणार नाही. तरीही ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि नव्या क्षमतेवर कर्ज काढलेल्यांची त्या हंगामात कोंडी झाली. पुढच्या वर्षी निर्बंध उठले, पण मधल्या काळात हप्ते थांबले नव्हते. ज्या टप्प्याची किंमत किंवा परवानगी सरकार ठरवतं, त्याच्या हिशेबात एक वर्ष पूर्ण बंद धरून पाहा.

कागदपत्रांचं थोडक्यात: परदेशातल्या कंपनीत गुंतवणूक साधारणपणे शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातल्या नक्त मूल्याच्या ४०० टक्क्यांपर्यंत, बँकेमार्फत करता येते आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. आपल्याच दोन कंपन्यांत सीमापार माल फिरला की त्याची किंमत त्रयस्थाशी व्यवहार करताना लागेल तीच असावी लागते. हा ट्रान्सफर प्रायसिंगचा नियम भारतात २००१ पासून आहे. त्याचा पुरावा दर वर्षी तयार ठेवावा लागतो, तपासणी आल्यावर जुळवता येत नाही. आणि मुक्त व्यापार कराराचा फायदा हवा असेल तर माल कोणत्या देशात किती घडला, याचे नियम त्या कराराप्रमाणे तपासा. एक टप्पा दुसऱ्या देशात नेल्याने कधी सवलत मिळते, कधी हातची जाते.

सातवी पायरी: बाहेर पडायचं कधी, ते आधीच लिहून ठेवा

मशीनची ऑर्डर देण्याच्या दिवशीच एका पानावर चार गोष्टी लिहून भागीदारांच्या सह्या घ्या. घरातला नगाचा खर्च, त्यात व्याज आणि तुमच्या शेडच्या त्या जागेचं भाडंही धरून, बाहेरच्या दरापेक्षा सलग दोन तिमाही जास्त राहिला तर काय करायचं. मशीनचा वापर किती टक्क्यांच्या खाली गेला तर पुनर्विचार. ते काम जाणणारा मुख्य माणूस सोडून गेला तर दुसरा कोण, आणि नसेल तर किती दिवसांत काम बाहेर टाकायचं. मशीन विकायची वेळ आली तर आज तशा जुन्या मशीनला किती मिळतात.

बाहेरचा दर दर सहा महिन्यांनी खरोखर मागवा, निदान दोन ठिकाणांहून. स्वतःच्या विभागाला स्पर्धा नसेल तर तो हळूहळू महाग होत जातो आणि कोणाच्याच लक्षात येत नाही. जुन्या व्हेंडरकडे महिन्याला थोडं तरी काम चालू ठेवा, म्हणजे त्याची पीपॅप मंजुरी जिवंत राहते आणि अडीअडचणीला त्याचं दार उघडं असतं.